मी सरळ केलेली वाट

"गाडी चाललीय बघ," धैर्यशील म्हणाला.

आम्ही सुरूच्या बनात जीपला टेकून चहा पीत होतो. समोर खाडीचं तोंड ओहोटीनं मोकळं पडलं होतं. अर्धा मैल नुसती ओली, चकचकीत वाळू आणि पलीकडे भाटी नावाची पंधरा-वीस घरांची वाडी. त्या वाळूवरून एक बैलगाडी भाटीकडे निघाली होती. गाडीत गादी होती, गादीवर कुणीतरी झोपलं होतं, आणि पुढे बसलेला म्हातारा एका हातानं बैल हाकत दुसऱ्या हातानं त्या झोपलेल्या माणसावर छत्री धरून होता. वाळूत रोवलेल्या, लाल फडकी बांधलेल्या काठ्या एकेक करून मागे टाकत गाडी सावकाश चालली होती. फोटो काढावा असंच दृश्य होतं. मी कॅमेरा आणायला वळलेसुद्धा.

"चारू," धैर्यशील म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "चारू, तो काठ्या बघून चाललाय."

मी वळून पाहिलं. गाडी तिसरी काठी ओलांडत होती. मी कॅमेरा विसरले.

का, ते कळायला आदल्या दुपारचं सांगायला हवं.

ह्या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. कोल्हापुरात माझ्या वडिलांचं गॅरेज होतं आणि माझ्याकडे एक जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप होती. डोंगर, नदीपात्र, वाळू, जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जीप न्यायची आम्हा दहा-बारा जणांना हौस होती. आमचा क्लब होता आणि क्लबाचे नियम मी स्वतः लिहिले होते. आखलेली वाट सोडायची नाही. गवतावर, पिकावर, घरट्यांवर चाक घालायचं नाही. जे जिथून उचललं ते तिथंच ठेवायचं. नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हे नियम उभं करून म्हणायला लावायची. मागून लोक मला मास्तरीणबाई म्हणायचे, आणि ते मला ठाऊक होतं, आणि मला आवडायचंही.

धैर्यशील माझा मामेभाऊ, बांधकाम खात्यात ओव्हरसियर. नाव धैर्यशील, पण पुलावरून जाताना कठडा धरून चालणारा माणूस. त्या जानेवारीत आम्ही दोघंच माझ्या जीपनं वेळथरच्या किनाऱ्यावर चार दिवस राहायला आलो होतो. आदल्या दुपारी मला कोरड्या वाळूत काठ्या रोवून त्यांच्यामधून वळणावळणानं जीप काढायचा सराव करायचा होता. काठ्या हव्या होत्या. वाळूवर नऊ उभ्या दिसत होत्या.

"कुणाच्या तरी असतील," धैर्यशील म्हणाला.

"ठेवू की परत. खाणार आहे का मी त्या?"

मधल्या चार उपटल्या. धैर्यशीलनं प्रत्येक भोकापाशी एकेक शिंपला ठेवला. एवढ्यावर त्याचं समाधान होईना, म्हणून त्या चारांत जी सगळ्यात डावीकडे होती तिच्या जागी उभा राहून मला म्हणाला, "इथून बघ, भाटीच्या देवळाचा कळस त्या काळ्या खडकाच्या बरोबर डोक्यावर बसतोय. लक्षात ठेव." मी त्याची टर उडवली. "सरकारी मोजणी आली," मी म्हणाले.

तासाभरानं काठ्या परत लावायला गेलो, तर शिंपल्यांची ओळ मध्येच डावीकडे वाकून परत उजवीकडे येत होती. हाताचा कोपर वाकवावा तशी. मला वाकडं काही खपत नाही. भिंतीवरची तसबीर असो की ताटातली कोशिंबीर, हात शिवशिवतात.

"ही काय रांग आहे? कुणी पिऊन मारल्यागत!"

"शिंपले इथंच ठेवले होते मी, चारू."

"हलले असतील पाण्यानं."

"पाणी अजून आलंच नाही इथवर."

"आता आपण नीट करून देऊ त्यांची रांग. सरळ मार."

त्यानं मारल्या. मी एक डोळा मिटून ओळ बघितली, हात झटकले, आणि क्लबाचा नियम पाळल्याचं समाधान मानून तंबूत येऊन मासे तळले.

आता गाडी चौथ्या काठीशी पोचली होती. ती आमची पहिली.

मी ओरडत सुटले. वारा समुद्राकडून होता, आवाज माझ्याच तोंडावर परत येत होता. चप्पल कुठे गळली कळलं नाही. ओल्या वाळूवर धावताना पाय जड होत जातात, आणि मला दिसत होतं की पाचव्या काठीपुढे डावीकडे वळायचं सोडून बैल नाकासमोर चाललेत. मग उजवा बैल पुढच्या गुडघ्यांवर बसला. बसलाच. गाडी एका अंगाला कलली, छत्री वाळूत पडून घरंगळत गेली, आणि एका बाईची किंकाळी वाऱ्याबरोबर माझ्यापर्यंत आली.

"थय थांब!" म्हातारा हात वर करून ओरडला. "म्होरं येव नको! रुपण आसा!"

रुपण म्हणजे वरून घट्ट दिसणारी आणि खाली नुसतं पाणी-चिखल असलेली वाळू. मी थांबले तेव्हा घोट्यापर्यंत आत होते. पाय ओढून काढला तर भोकात लगेच पाणी भरलं.

म्हातारा कमरेइतका रुतून बैलांच्या जुवाशी झटत होता. त्याचं नाव गुणाजी तारी हे मला नंतर कळलं. गादीवर त्याची बायको भामा होती. आठ दिवसांपूर्वी अंगणात पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तालुक्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं होतं, आणि आज तो तिला घरी नेत होता. तिला बसायचीसुद्धा परवानगी नव्हती. भाटीची माणसं एरवी होडीनं ये-जा करतात, पण झोपलेल्या बाईला होडीत चढवणार कसं, म्हणून गाडी. गाडी वाडीत एकट्या गुणाजीकडे होती, त्यामुळे काठ्याही त्याच्याच. दर उधाणानंतर वाळू जागा बदलते, तेव्हा तो अनवाणी चालत, टाचेनं वाळू दाबत नवी वाट शोधायचा आणि काठ्या मारायचा.

आणि भरती सुरू झाली होती. तिथे पाणी लाटांनी येत नाही. खाडीच्या घळीतून निघतं आणि बोटभर उंचीनं गुपचूप पसरत येतं. गाडीच्या चाकामागे ते चकाकताना मला दिसलं.

मागून जीपचा आवाज आला. धैर्यशील सरळ काठ्यांच्या रांगेनं येत होता. मी दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिले.

"आत घालू नको! दोघंही जाऊ!"

त्यानं ब्रेक मारला. तोंड पांढरंफटक पडलं होतं त्याचं. "मग कुठून आणू?"

कुठून, हे ठाऊक असलेली माणसं दोनच. एक तिकडे कमरेइतका रुतला होता, त्याला वाटत होतं की तो वाटेवरच आहे. दुसरी मी; धैर्यशीलला भीतीपोटी स्वतःचीच खूण आठवत नव्हती.

"कळस," मी म्हणाले. "कळस खडकावर बसतो ती जागा. मी चालते, तू माझ्या पावलांवर पहिल्या गिअरमध्ये ये. मी बुडले तर थांब."

मी डावीकडे चालायला लागले. टाच टेकवायची, वजन टाकायचं, थांबायचं, मग दुसरी टाच. जन्मात एवढी सावकाश चालले नाही आणि जन्मात एवढी घाई मला कधी झाली नव्हती. तिकडे भामाकाकी देवीचं नाव घेत होती आणि बैल हंबरत होते. मी मान वर करून कळस बघायची, पाय टाकायची, परत बघायची. कळस खडकाच्या उजव्या कुशीत होता. मग खांद्यावर आला. मग डोक्यावर बसला, आणि माझी टाच दगडावर पडावी तशी वाजली. घट्ट. चारी बाजूंना दोन-दोन पावलं घट्ट.

मला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता.

जीप तिथे उभी केली. गाडीपर्यंत चाळीस पावलं. आमच्याकडे शंभर फूट नायलॉनचा दोर होता आणि तंबूखालची ताडपत्री. दोराचं टोक कमरेला बांधून मी पोटावर झोपले आणि सरपटत गेले, कारण आडव्या माणसाला रुपण लगेच ओढत नाही, एवढं वाळूत खेळून मला कळत होतं. नाकातोंडात खारट चिखल जात होता. मध्ये एकदा डावा हात कोपरापर्यंत आत गेला आणि खाली काहीच लागलं नाही. त्या काहीच नसण्याची आठवण मला अजून झोपेतून उठवते.

"कोण गो तू?" गुणाजीकाकानं विचारलं.

"काकीला आधी काढू. बैल सोडा."

त्यानं कमरेची कोयती काढून जुवाचे दोर कापले. डावा बैल, चांदो, दोन-तीन हिसक्यांत बाहेर पडला आणि धडपडत जीपकडे पळाला. उजवा पाखरो. त्याचं पोट वाळूला टेकलं होतं आणि मागचे पाय दिसतच नव्हते.

गादीखाली ताडपत्री सारून दोर बांधेपर्यंत पाणी गाडीच्या फळीला लागलं. मी हात वर केला. धैर्यशीलनं आल्या चाकोरीवरून जीप मागे घेतली, एका वेळी वीतभर. भामाकाकी गादीसकट गाडीवरून घसरत वाळूवर आली आणि मी तिच्या खुब्याला उशी दाबून धरत बाजूनं सरपटत राहिले.

"हळू गो बाय," ती दात आवळून म्हणाली, "एकदा मोडलेला हाड आसा, परत मोडात."

"मोडणार नाही, काकी."

"तू डॉक्टर काय?"

"नाही. गॅरेजवाली."

ती तशातही हसली आणि लगेच कळवळली. चाळीस पावलांना पाव तास लागला असेल. जीपजवळ पोचलो तेव्हा तिथेही पाण्याचा पातळ थर आला होता.

मग पाखरो. दोर त्याच्या छातीभोवती घातला, जीप ओढत राहिली, तो हलेना. दोर सुटला, परत बांधला. पाणी त्याच्या मानेला लागलं तेव्हा गुणाजीकाका त्याचं तोंड दोन्ही हातांनी वर धरून उभा राहिला आणि त्याच्या कानात काहीतरी बोलत राहिला. मला शब्द ऐकू आले नाहीत. जीपची चाकं अर्धी पाण्यात गेली, धैर्यशील हॉर्न वाजवत राहिला, आणि शेवटी मी म्हाताऱ्याच्या कमरेला दोर बांधून त्याला ओढून आणलं. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. मी पाहिलं.

आठव्या काठीपर्यंत मी पाण्यातून टाच टेकवत जीपपुढे चालले; शेवटच्या दोन काठ्या आम्ही हलवल्या नव्हत्या. त्यांच्या आधारानं जीप भाटीला पोचली, चांदो मागून पोहत-चालत आला. किनाऱ्यावर बायका गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. पुरुष सगळे समुद्रावर. मागची वाट भरतीनं बंद झाली होती, म्हणून आम्ही रात्री गुणाजीकाकाकडेच राहिलो. भामाकाकीचं हाड जागेवर होतं. ती पेज पिऊन झोपली.

गुणाजीकाका मात्र खांबाला टेकून बसून होता.

"माझ्याच हातान झाला," तो म्हणाला. "म्हातारी पडली त्या दिवसा घायघायत काठी मारलंय. डॉक्टरान सांगितल्यान हा, डोळ्यात मोतीबिंदू धरता. माका वाटला, अजून दिसता मा! खय दिसता? सरळ रुपणात मारलंय काठी. चाळीस वर्सां मारतंय."

धैर्यशीलनं माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं.

"पाखरो गेलो तो गेलो," तो म्हणाला. "भामा गेली असती. आता गाडी बंद. चांदोक कोणाक तरी देतलंय, भामाक घेवन चेडवाकडे जावन रवतलंय. आंधळ्यान वाट दाखवची नाय."

भाटी सोडून मुलीच्या दारात जाऊन राहायचं हे तो असं म्हणाला, जसं कुणी आपला दिवा विझवतं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. संध्याकाळी रुपणात मी भ्यायले होते, पण त्या भीतीत मी हातपाय हलवू शकत होते. ह्या भीतीत तेही जमेना.

"तुका कसा कळला गो, थय घट आसा ता?" त्यानं अचानक विचारलं.

"अंदाजानं," मी म्हणाले.

"अंदाज बरो आसा तुझो." तो खांबाचा टेका सोडून माझ्याकडे वळला. "उद्या माझ्यावांगडा ये. जाताना तुमका वाट होई मा? तू मार काठी. मी नुसतो चलतंय."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही चालत निघालो. धैर्यशील जीप घेऊन किनाऱ्यावर थांबला. खांद्यावर चार काठ्या घेऊन मी पुढे, म्हातारा माझ्या मागे. आम्ही सरळ मारलेल्या काठ्या भरतीनं दोन पाडल्या होत्या, दोन मी उपटल्या. मग टाच टेकवत, कळस बघत, मी कोपर परत वळवायला लागले. एक काठी मारली. दुसरी मारली. मागून पावलांचा आवाज माझ्या पावलांत पडत होता. मी वळून पाहिलं तर गुणाजीकाका डोळे मिटून चालत होता.

"डोळे का मिटले?"

"सवय करतंय," तो म्हणाला. "आणि तू आसस मा म्होरं."

तिसरी काठी कशी मारली मला आठवत नाही. चौथी हातात घेतली आणि मान वर केली. चाळीस पावलांवर वाळूतून गाडीच्या चाकाचा वरचा भाग तेवढा दिसत होता. ही शेवटची काठी मारली की जीपमध्ये बसून कोल्हापूरला जाता येणार होतं. कुणाला काही कळणार नव्हतं. आणि हा माणूस चांगले डोळे मिटून उरलेला जन्म मुलीच्या दारात बसून काढणार होता.

"काका," मी म्हणाले, "तुमची काठी चुकली नव्हती."

त्यानं डोळे उघडले.

"परवा मी काढल्या होत्या. खेळायला. परत लावताना हा कोपर मला वाकडा वाटला. मी सरळ केला."

वारा थोडा पडला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मी मारलेल्या तीन काठ्यांकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे.

"मी मारलेलंय, ती बरोबर होती?"

"बरोबर होती. एकूण एक."

"हयसरच होती?"

"इथंच. कळस खडकावर बसतो तिथं."

तो वाळूत खाली बसला. मला वाटलं छातीत काही झालं, मी वाकले, तर तो हसत होता. तोंडात राहिलेले चार दात दाखवत, डोळ्यांतून पाणी गळत असताना हसत होता.

"म्हंजे माझे डोळे बरे आसत!" तो म्हणाला. "भामाक सांगूक होया. डोळे बरे आसत माझे! चेडवाकडे कित्याक जाव मी?"

त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर मी उभी राहू शकले असते. मी त्याच्यासमोर मटकन बसले आणि मोठ्यानं रडले.

मग त्याचं हसू हळूहळू थांबलं. तो त्या बुडालेल्या चाकाकडे बघत राहिला. ओठ हलले, पाखरोचं नाव असावं. मी त्याच्या बोलण्याची वाट बघत होते. तो उठला, लंगोटीची वाळू झटकली आणि माझ्यापुढे हात केला. मला वाटलं, मला उठवायला. मी माझा हात पुढे केला.

त्यानं माझ्या दुसऱ्या हातातली काठी घेतली.

ती त्यानं टाचेनं जागा दाबून मारली, फडकं घट्ट केलं, आणि आल्या वाटेनं मागे मी मारलेल्या तिसऱ्या काठीपाशी गेला. ती उपटली. टाचेनं चाचपून पाहिलं आणि त्याच भोकात परत मारली. मग दुसरी. मग पहिली. जागा एकीचीही बदलली नाही. मी मोकळ्या हातांनी त्याच्या मागे चालत होते, आणि त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही.